हात काढ, तोंड दिसू दे

पडद्यांच्या दुकानात उभं राहायची एक रीत असते. कापडाचा ताका उलगडायचा, त्याची वरची कड दोन्ही हातांनी धरायची आणि हात डोक्याच्या वर न्यायचे. कापड सरळ खाली सुटलं पाहिजे, म्हणजे समोरच्याला ते आपल्याच खिडकीला लागलंय असं वाटतं. धरणारं माणूस मागे गडप. समोरून दिसतात ती वर बोटं आणि खाली चपला.

अशाच एका दुकानात कामाला असलेल्या ताईचं अर्धं आयुष्य असं कापडामागे गेलं होतं आणि तिची काही तक्रार नव्हती. उलट कापडामागून जग फार झकास ऐकू येतं.

"तुला कुठला आवडला?"

"मला काय विचारतेस, तुला हवा तो घे."

"मग तोंड असं का केलंस?"

"हे माझं नेहमीचंच तोंड आहे."

"तेच म्हणतेय मी."

अशा वेळी ताई मागच्या मागे खुदकन हसायची. हात कापडात अडकलेले, त्यामुळे तोंडावर न्यायला हात नसायचा. आणि गरजही नसायची. ताक्यामागचे दात कुणाला दिसणार?

एरवी हात तोंडावर गेल्याशिवाय ती हसतच नसे. धड बोलतही नसे. पुढचे दोन दात जरा जास्तच पुढे, बाकी काही नाही. पण लहानपणी घरी एक आत्या यायची. दारात चपला काढता काढताच तिचं सुरू व्हायचं, "अगं बाई बाई बाई, ते दात! आत घे, आत घे, वारं लागेल त्यांना!" सगळं घर हसायचं. पोरगीही हसायची, आणि हसता हसता हात वर जायचा. आत्या जाऊन जमाना झाला, हात मात्र तिथेच राहिला. शाळेच्या फोटोत हात. मावसबहिणीच्या लग्नात हात. ओळखपत्राच्या फोटोत हात चालत नाही, तर तिथे ओठ असे गच्च मिटलेले, की आत कुणाला तरी कोंडून ठेवलंय असं वाटावं.

एकच माणूस असा होता, ज्याच्यासमोर हात खाली राहायचा. तिचा मोठा भाऊ.

दुकानात मालकांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे तिला ताई म्हणायचे, पण खरं तर ती कुणाचीच ताई नव्हती. ती होती दादाची धाकटी बहीण, आणि दादा तिला "ए ढमे" म्हणायचा. सपाट, मोठ्या आवाजात. लहानपणी एका तापातून तो उठला तो ऐकू येणं गमावूनच. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नसे, त्यामुळे कुजबुजही अख्ख्या गल्लीला कळेल अशी करायचा. समोरच्याचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा. आईचं सगळं कळायचं. बाबांचं मिशीमुळे निम्मं. आणि ढमीनं तोंडावर हात घेतला की हात झटकून म्हणायचा, "हात काढ, तोंड दिसू दे."

मग ती काढायची. त्या दोघांची एक वेगळीच चंगळ होती. आत्या ऐन रंगात आलेली असताना ही कोपऱ्यात बसून आवाज न काढता नुसते ओठ हलवायची, "आत घे, आत घे, वारं लागेल त्यांना." हुबेहूब आत्या, मान तश्शीच डोलवत. आणि दादा फस्सकन हसायचा. तो का हसला हे कुणालाच कळायचं नाही, म्हणून पाठीत धपाटा त्यालाच बसायचा.

मोठेपणी दादा लांबच्या गावी पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात लागला. "मशीन सुरू झालं की इथे सगळेच माझ्यासारखे," असं म्हणायचा. आई त्याच्याकडे राहायला गेली. दर रविवारी अंघोळ आटोपून ताई फोन लावायची आणि तिघांचं बोलणं व्हायचं.

"आई, त्याला विचार, खोकला कसाय?"

"खोकला कसाय म्हणतेय."

"गेला म्हण!" हे दादा, फोनमधून थेट, कानठळ्या बसवत.

"गेला म्हणतोय."

"ऐकू आलं गं आई मला!"

दादाचं तिला ऐकू यायचं, तिचं दादाला आई दाखवायची. असं ते वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं, आणि एके दिवशी मधलं माणूसच गेलं.

त्यानंतर दादानं मोठ्या स्क्रीनचा फोन घेतला आणि व्हिडिओ कॉल लावला. ताईनं उचलला. दादा दिसला, केस जरा पिकलेले, मागे दोरीवर शर्ट. बोलणार, तेवढ्यात तिची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली. तिथे एका छोट्या चौकोनात एक बाई होती. त्या बाईचं तोंड उघडं होतं आणि त्यात दात होते. ताईचा हात आपसूक वर गेला.

"हात काढ," दादा म्हणाला.

निघेना. समोर दादा खराखुरा असता तर काही नव्हतं. पण ती कोपऱ्यातली बाई टक लावून बघत होती. ताईनं घाबरून फोनच उताणा ठेवला. दादाला छत दिसलं.

"पंखा बघितला," दादा म्हणाला. "आता तू."

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच. लिहिणंही चालायचं, नाही असं नाही. 'जेवलास?' 'हो. तू?' 'हो.' दोन माणसं जेवली, यापलीकडे त्यातून काही कळायचं नाही. आणि एका रविवारी दादा म्हणाला. रागावला नव्हता, खोकी मोजून सांगावीत तसा सांगत होता.

"ढमे, मला दिवसभर कुणी तोंड दाखवत नाही. कामावर हातवारे. खानावळीत मी बोट दाखवतो, तो वाढतो. आई होती तोवर घरी बोलणं होतं. आता माझी ओठ वाचायची सवय जाईल. तुला नको असेल तर तसं सांग. मी फोन करणार नाही."

"नको असं कुठे म्हणाले रे मी," ताई म्हणाली. हाताच्या आतून. दादा थोडा वेळ त्या हाताकडे बघत बसला आणि त्यानं फोन बंद केला.

पुढचा रविवार आला. अंघोळ झाली. फोन काही वाजला नाही. ताईनं केस विंचरले, परत विंचरले, भात लावला. शेजारच्या खोलीतला टीव्ही कुणाला तरी हसवत होता.

नेमकं त्याच आठवड्यात मालकांच्या डोक्यात खूळ शिरलं. मालकांच्या प्रत्येक वाक्याला 'बघा काय आहे'चं अस्तर असायचं.

"ताई, बघा काय आहे, हल्ली लोक पायांनी खरेदी करत नाहीत. अंगठ्यानं करतात. तर आपण, बघा काय आहे, कापड त्यांच्या अंगठ्यापर्यंत न्यायचं. तुम्ही फक्त उभं राहून बोलायचं. मी फोन लावून व्हिडिओ काढतो."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. पण मालकांनी पडद्याच्या दांडीच्या ब्रॅकेटमध्ये फोन खोचला, ताईनं सवयीनं ताका उचलला, कड धरली, हात वर. कॅमेऱ्यासमोर कापड. कापडामागे ताई. आणि मागून आवाज असा सुरू झाला, की थांबेचना. पन्हा किती, चुण्या कशा पडतील, उन्हात रंग उडेल का, धुतल्यावर आटेल का.

"वा!" मालक खूश. "कापड स्वतःच बोलतंय असं वाटतं! बघा काय आहे, असंच रोज करा."

ताईला त्या रात्री छान झोप लागली. आपल्याला जमतं की! कॅमेरा काही खात नाही. दुसऱ्या दिवशी ती लवकर दुकानात आली. शटर अर्धवटच वर ढकललं, खालून उजेडाची पट्टी आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय तेवढे दिसत होते. तिनं ब्रॅकेटमध्ये फोन खोचला आणि दादाला पाठवायच्या व्हिडिओसाठी बोलायला उभी राहिली. रिकाम्या हातांनी उभं कसं राहायचं हे तिला ठाऊकच नव्हतं. तिनं जवळचा ताका ओढला, कड धरली, हात वर नेले.

आणि बोलली. इतकं, की आयुष्यात कधी बोलली नव्हती. रविवारी अजून फोन हातात घेऊन बसते म्हणाली. आई अजून इकडेच असल्यासारखा चुकून दोघींपुरता भात लावते आणि दुसऱ्या दिवशी तोच खाते म्हणाली. आईचा आवाज आठवायला गेलं की तुझाच आठवतो, आईच्या वाटचं सगळं तूच ओरडून सांगायचास ना, म्हणाली. फोन बंद करू नकोस रे, म्हणाली. बोलता बोलता रडली, हसली. हात दुखायला लागले तेव्हा थांबली आणि पाठवून दिलं.

दुपारी उत्तर आलं.

'कापड छान आहे. रंग आईच्या शालीसारखा. कितीला?'

ताईनं ते वाचलं. परत वाचलं. मग ती मागच्या खोलीत गेली. तिथे शिलाईवाली मशीनवर बसलेली असायची. ओठांत टाचण्या धरून बोलायची तिला सवय, त्यामुळे तिची सगळी अक्षरं नाकातून यायची.

"उंय झाउं?" शिलाईवाली म्हणाली. म्हणजे, काय झालं.

ताईनं फोन तिच्यापुढे धरला आणि सांगितलं. शिलाईवालीनं टाचण्या काढल्या.

"थांबा, थांबा. तुमच्या त्या भावाला ऐकू येत नाही."

"हो."

"तो तोंडाकडे बघून समजून घेतो."

"हो."

"आणि त्याला तुम्ही एवढा वेळ पडदा दाखवलात?"

शिलाईवाली हसली ती अशी, की मशीनवरची रिळं घरंगळली. डोळे पुसत पुसत तिनं वर बघितलं, ताईचा चेहरा दिसला आणि हसणं जागच्या जागी थांबलं. रिळं गोळा करता करता ती म्हणाली, "मी शिवण शिकले ना, तेव्हा मशीनला जाम घाबरायची. सुई बोटात जाणार असंच वाटायचं. मास्तरीणबाई रोज सकाळी एक चिंधी द्यायच्या. एक शिवण घाल आणि ऊठ. वाकडी आली? येऊ दे. चिंधी टाक, उद्या दुसरी. मी विचारलं, सरळ येईपर्यंत का? तर म्हणाल्या, छे, सरळ काय कधीही येईल. हाताची भीती मरेपर्यंत."

"मग मेली?"

"बोटात सुई गेली एकदा. त्यानंतर मेली." आणि टाचण्या परत तोंडात गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून ताई रोज एक चिंधी शिवायला लागली. अर्धं शटर, ब्रॅकेटमध्ये फोन, एक वाक्य. बास. रिकाम्या हातांनी अजून जमत नव्हतं, म्हणून तिनं आरपार दिसणारी जाळी घेतली. उत्तर आलं, 'जाळीत भूत दिसलं.' मग जाळी डोळ्यांच्या खाली आणली. 'डोळे आईचे. बाकीचं कधी?' मग नमुन्याचा तुकडा, तो फक्त तोंडापुरता. 'डाकू वाटतेस.' मग पडदा बांधायचा पट्टा हातात, हनुवटीपाशी. त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पट्टाही खाली ठेवला आणि लगेच हात टुणकन तोंडावर. ते तिनं पुसून टाकलं, परत केलं, परत हात, परत पुसलं. तोवर मालक शटर वर करून हजर.

"कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही," ताई म्हणाली, आणि ते खरंच होतं.

मान्य करायला हवं, ते सगळं भयंकर एकटेपणाचं होतं. सकाळच्या पारी, रांगेत उभ्या केलेल्या ताक्यांमध्ये उभं राहून एका काळ्या ठिपक्याला सांगायचं, 'आज गाडीला गर्दी होती.' ठिपका काही हो म्हणत नाही, अगं बाई म्हणत नाही. बोलून झालं की शटरखालच्या पट्टीतून पाय बघायचे. बूट, चपला, एक कुत्रा, बूट. सगळे कुणाकडे तरी निघालेले.

पण रोज स्वतःला बघून बघून एक झालं. ती कोपऱ्यातली बाई आधी बघवायची नाही. मग बघवायला लागली. आवडायला लागली असं नाही, पण रोज बसमध्ये समोर बसणाऱ्या बाईसारखी ओळखीची झाली. दात आहेत बुवा तिला. बरं. डाव्या बाजूला हसते जरा जास्त. बरं. एके दिवशी ताईनं चुकून तिला मान हलवून नमस्कार केला. आणि एके दिवशी सगळं वाक्य बोलून झालं, फोन बंद झाला, तेव्हा तिच्या लक्षात आलं, हात खालीच होते. दोन्ही. कापडही नव्हतं, पट्टाही नव्हता.

तिनं नाचत नाचत ते पाठवलं. दादानं बघितल्याची खूण आली.

उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशीचं पाठवलं. बघितलं. उत्तर नाही. तिसऱ्या दिवशीचं तर त्यानं उघडलंही नाही. ताई रोज बोलत राहिली. इतक्या उशिरा हात खाली आला, आणि बघणारं माणूसच उठून गेलं? शिलाईवालीनं टाचण्यांतून काहीतरी विचारलं. ताईनं खाली पडलेली एक टाचणी उचलून तिच्या हातात ठेवली.

मग एका सकाळी, अर्ध्या शटरमागे, तिनं जे कधीच केलं नव्हतं ते केलं. स्वतःहून दादाला व्हिडिओ कॉल लावला. दादाची पाळी दुपारची असायची, म्हणजे तो घरीच. बराच वेळ वाजत राहिलं आणि उचललं गेलं.

समोर पंखा.

दादाच्या खोलीचा, एक पातं जरा वाकलेलं. दादा नव्हता. पण त्याचा आवाज होता, आणि म्हणजे तो फोनकडे बघत असणार, हिला दिसू नये असा बाजूला बसून.

"ढमे," आवाज म्हणाला. "तुझं तोंड दिसलं. सगळं दिसलं. पण कळलं नाही."

ताईनं फोन ब्रॅकेटमध्ये नीट बसवला.

"परत परत लावून बघितलं. ओठ हलतात. शब्द येत नाहीत. आधी सगळं यायचं मला. आता नाही येत. बोललो होतो ना, सवय जाईल. गेली." मग आवाज म्हणाला, "तू एवढं केलंस. मग मी काय लिहू, कळलं नाही म्हणून? आता ओठ दाखवू नकोस. लिहीत जा. जेवलास का, तेवढं कळतं."

पंखा फिरत होता. ताईचा हात वर निघाला, अर्ध्या वाटेपर्यंत आलाही. कोपऱ्यातली बाई बघत होती. ताईनं हात खाली नेला, मागे नेला, ओढणीची गाठ मारावी तशी बोटं पाठीशी गुंतवली. मग ती फोनच्या जवळ आली, इतकी की स्क्रीनभर तोंडच. आवाज काढला नाही. मान डोलवली, डोळे वटारले, दोन्ही दात पुरते बाहेर काढले, आणि नुसते ओठ हलवले.

आत घे, आत घे, वारं लागेल त्यांना.

काही नाही. पंखा.

तिनं परत केलं. अगं बाई बाई बाई. ते दात. आत घे.

आणि फोनमधून तो आवाज आला. फस्सकन. मग गल्ली दणाणून सोडणारं, स्वतःलाच न ऐकू येणारं हसू. पंखा डुचमळला, भिंत आली, दोरीवरचा शर्ट आला, आणि शेवटी दादा आला, दाढी वाढलेला, डोळे ओले, तोंड उघडं टाकून हसणारा.

"आत्या!" तो ओरडला. "आत्या होती ती! वारं!"

"हो रे," ताई म्हणाली, आणि तिलाही हसू फुटलं, दातांसकट.

मग तिनं बाकीचंही सांगायचा प्रयत्न केला. भाताचं. रविवारचं. आईच्या आवाजाचं. दादा डोळ्यांत तेल घालून बघत राहिला आणि प्रत्येक वेळी मान हलवली, नाही. "परत," तो म्हणायचा. ती परत सांगायची. भात तेवढा त्याला कळला. "कुणाचा भात?" विचारलं त्यानं. आईचं मात्र काही केल्या कळेना. मग शटर वर गेलं, उजेड भसकन आत आला आणि मालक म्हणाले, "ताई, बघा काय आहे, गिऱ्हाईक आलंय."

"जाते," तिनं ओठांनी सांगितलं. हे त्याला लगेच कळलं. जाते म्हणणारी तोंडं त्यानं पुष्कळ बघितली असणार.

"उद्या?" दादानं विचारलं.

तिनं मान डोलवली, हो.

गिऱ्हाईक म्हणजे एक जोडपं होतं. तिला निळा हवा होता, त्याला लवकर घरी जायचं होतं. ताईनं ताका उलगडला, कड धरली, हात वर नेले. समोर ते दोघं रंगावरून कुरकुरत होते आणि वर धरलेली बोटं जराही हलत नव्हती. कापडाच्या मागे मात्र तिचे ओठ चालू होते, आवाज न करता, सावकाश, एकेक शब्द सुटा करत. आईचा आवाज आठवायला गेलं की. आईचा आवाज. आई.